उमेदवारीचे वर्ष

आपल्या व्यापारी घरांत ‘उमेदवार’ हा शब्द निवडणुकांच्या कितीतरी आधीपासून नांदतो आहे. पेढीवर काम शिकण्यासाठी बसलेला कोवळा मुलगा, तो उमेदवार. मारवाडातून नगर जिल्ह्यात आलेल्या आपल्या अनेक पूर्वजांनी हेच दिवस काढले. कुणा नातलगाच्या दुकानी दोन वेळचे जेवण आणि वर्षाला दोन जोड कपडे एवढ्यावर राहायचे, पहाटे ओटा झाडायचा, ठाणे उचलायची, गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत कानांनी टिपायची आणि रोजमेळाला हात लावण्याची परवानगी मिळेपर्यंत तोंड मिटून पाहत राहायचे. शेटजी अशा मुलाचे कौतुक करत नसत आणि घाईने निकालही लावत नसत. तीन दिवाळ्या उलटल्या की एका संध्याकाळी त्याला गादीच्या कडेला बसवून घेत. तेवढाच त्याचा पदवीदान समारंभ.

क्रिकेटने मात्र उमेदवारीलाही बक्षीस ठेवले आहे. आयपीएल सुरू झाली त्या २००८ सालापासून प्रत्येक हंगामाच्या अखेरीस एका होतकरू तरुण खेळाडूची निवड होते. पहिल्या वर्षी हा मान एकोणीस वर्षांखालील खेळाडूसाठी होता व तो श्रीवत्स गोस्वामीला मिळाला. दुसऱ्या वर्षी तेवीस वर्षांखालील खेळाडूंत रोहित शर्माची निवड झाली. पुढे त्याला ‘इमर्जिंग प्लेअर’ असे नाव पडले आणि वयाची, आधी खेळलेल्या सामन्यांची मर्यादा ठरवून देण्यात आली. संजू सॅमसन, अक्षर पटेल, श्रेयस अय्यर, ऋषभ पंत, शुभमन गिल ही नावे या यादीत आहेत. याच यादीत २०११ चा इकबाल अब्दुल्ला आणि २०१७ चा बासिल थंपी हेही आहेत, ज्यांच्या वाट्याला पुढे भारताची टोपी आली नाही. पहिल्या वर्षाच्या ताळेबंदावरून पेढीची पत ठरवू नये असे जुने लोक म्हणत, त्याचा हा उत्तम दाखला. पहिल्या वर्षी उधारी फिरलेली नसते, बाजाराने तुमची नाडी ओळखलेली नसते. गोलंदाजही पहिल्या वर्षी नवख्या फलंदाजाला पारखत असतात आणि दुसऱ्या वर्षी त्याचा हिशेब मांडतात.

नवखा कुणाला म्हणावे, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. उत्तर अमेरिकेतील एनएचएल या आइस हॉकीच्या लीगमध्ये पहिल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला कॅल्डर करंडक देतात. लीगचे पहिले अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांच्या नावाची ही परंपरा १९३० च्या दशकापासूनची आहे. १९८९-९० च्या हंगामात हा करंडक सर्गेई माकारोव्ह यांना मिळाला. ते तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि सोव्हिएत संघाकडून जागतिक अजिंक्यपदे व ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकून मोकळे झालेले होते. नवी होती ती फक्त लीग. पुष्कळ कुरबुर झाली आणि त्यानंतर नियमच बदलला. हंगामाच्या १५ सप्टेंबरला ज्याचे वय २६ पूर्ण झाले असेल तो यापुढे नवखा मानला जाणार नाही, असे ठरले. दुसऱ्याच्या दुकानी पंधरा वर्षे काढून आलेल्या कसबी माणसाला आपल्या पेढीवर उमेदवार म्हणून कोण नोंदवेल? बर्फावर खेळणाऱ्यांनाही शेवटी बाजाराचीच रीत स्वीकारावी लागली, याची मला मौज वाटते.

हे सारे मी लिहीत बसलो आहे त्याला कारण एक मराठी मुलगा आहे. ऋतुराज गायकवाड. जन्म ३१ जानेवारी १९९७, पुण्याचा, घर नोकरदार. पिंपरी-चिंचवडच्या थेरगावातील वेंगसरकर अकादमीत त्याची फलंदाजी घडली. डिसेंबर २०१८ च्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने त्याला २० लाखांच्या पायाभूत किमतीत घेतले. २०१९ चा संपूर्ण हंगाम तो संघाबरोबर होता आणि एकही सामना खेळला नाही. ओटा झाडण्याचे वर्ष म्हणा.

पुढच्या वर्षी स्पर्धा अमिरातीत गेली. तिथे पोहोचल्यावर तो कोरोनाबाधित निघाला, इतरांहून अधिक दिवस खोलीत कोंडून राहिला आणि शेवटी मैदानावर उतरला तेव्हा पहिल्या तीन डावांत त्याने ०, ५ आणि ० धावा केल्या. त्या वर्षी चेन्नईचा संघ प्रथमच बाद फेरीबाहेर राहिला. तरुणांत चमक दिसत नाही, अशा अर्थाचे धोनीचे बोलणे त्याच सुमारास गाजले होते. मग शेवटच्या तीन सामन्यांत या मुलाने नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२ केल्या. संघ जवळजवळ बाहेर पडलेला. या धावांनी मिळणार काहीच नव्हते. मला ऋतुराज आवडू लागला तो या तीन डावांपासून. बाजार उतरलेला असताना, गिऱ्हाईक नसताना जो मुलगा ठाणांच्या घड्या नीट घालतो, त्याच्यावर शेटजींची नजर खिळते.

२०२१ उजाडले आणि पुन्हा तीच सुरुवात: ५, ५ आणि १०. चौथ्या सामन्यात कोलकात्याविरुद्ध त्याने ६४ केल्या. करोनामुळे स्पर्धा मध्येच थांबली व सप्टेंबरात अमिरातीत पुन्हा सुरू झाली. १९ सप्टेंबरला दुबईत मुंबईविरुद्ध चेन्नईची अवस्था चार बाद २४ झाली होती. त्या पडझडीत तो अखेरपर्यंत उभा राहिला आणि ८८ धावांवर नाबाद परतला. २ ऑक्टोबरला अबू धाबीत राजस्थानविरुद्ध डावाचा शेवटचा चेंडू शिल्लक असताना तो ९५ वर होता. मुस्तफिझूर रहमानच्या त्या चेंडूवर त्याने षटकार मारला आणि १०१ वर नाबाद राहिला. गंमत पाहा, हा मुस्तफिझूर स्वतः २०१६ चा इमर्जिंग प्लेअर. आणि चेन्नई तो सामना हरली! राजस्थानने १९० धावांचे लक्ष्य साडेसतरा षटकांत गाठले. त्यात २१ चेंडूंत ५० धावा फटकावणारा यशस्वी जयस्वाल २०२३ साली याच मानाचा धनी ठरला.

अंतिम सामना १५ ऑक्टोबर २०२१ ला होता. त्या दिवशी दसरा होता. आमच्या कापड दुकानाला त्या संध्याकाळी उसंत नव्हती, घरात सौभाग्यवतींची आयंबिलाची ओळी चालू होती आणि नातवाच्या हाती वही-पेन्सिल होती. तो तेव्हा तेरा वर्षांचा. त्याने धावांचा तक्ता मांडला होता: पंजाबचा के. एल. राहुल ६२६, त्याचा हंगाम संपलेला, ऋतुराज ६०३, आणि त्याचाच सलामीचा जोडीदार फाफ डू प्लेसी ५४७. ऋतुराजने ३२ केल्या, एकूण ६३५ झाल्या आणि तो बाद झाला. आता त्याच्या हातात काही उरले नव्हते. तो सीमारेषेबाहेर बसून राहिला आणि मैदानात त्याचा जोडीदार धावा करत राहिला. प्रत्येक धावेने संघाचा विजय जवळ येत होता आणि प्रत्येक धावेने त्याची केशरी टोपी दूर जात होती. डू प्लेसी ८६ वर पोहोचले, एकूण ६३३. डावाचा अखेरचा चेंडू त्यांनी उंच टोलवला; सीमारेषेच्या आत झेल घेतला गेला. दोन धावांचे अंतर राहिले. चेन्नईने २७ धावांनी विजय मिळवून चषक उचलला, सामन्याचा मानकरी डू प्लेसी ठरले, आणि सर्वाधिक धावांची केशरी टोपी व इमर्जिंग प्लेअरचा मान दोन्ही चोवीस वर्षांच्या ऋतुराजकडे आले. तोवर इतक्या लहान वयात ती टोपी कुणी मिळवली नव्हती. हे दोन्ही मान एकाच हंगामात मिळवणारा दुसरा खेळाडू निघण्यास २०२५ उजाडावे लागले. त्या वर्षी गुजरातच्या साई सुदर्शनने ७५९ धावा केल्या.

त्या रात्री नातवाने मला विचारले, “दादाजी, शेवटच्या बॉलला ऋतुराजला मनातून काय वाटलं असेल?”

प्रश्न मुलाचा होता, पण आपल्या धर्मचर्चेत तो फार जुना आहे. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना तत्त्वार्थसूत्रात सांगितल्या आहेत. त्यांतली प्रमोद भावना, म्हणजे गुणवंताला पाहून मनात उमटणारा निर्मळ आनंद, मला सर्वांत कठीण वाटते. दुःखी माणसाविषयी करुणा चटकन येते. आपल्याच रांगेतल्या, आपल्याच वाट्याचे नेऊ शकणाऱ्या माणसाच्या गुणांवर आनंद मानणे ही मोठी साधना आहे. बाजारात समोरासमोर दुकाने असलेल्या दोन भावांना विचारा. ऋतुराजला काय वाटले ते तोच जाणे. मला दिसले ते एवढेच की ज्याच्यामुळे टोपी जाऊ शकत होती त्याच्यामुळेच चषक येत होता.

फळावर नजर ठेवून केलेल्या तपाला आपल्याकडे ‘निदान’ म्हणतात आणि तीन शल्यांत त्याची गणना होते. विश्वभूती मुनींची कथा आपण व्याख्यानांत ऐकलेली आहे. गायीच्या धक्क्याने पडलेल्या त्या तपस्व्याची चुलतभावाने थट्टा केली, आणि तपाच्या बदल्यात त्यांनी बळ मागून घेतले. बळ मिळाले, त्रिपृष्ठ वासुदेवाचा भव मिळाला, आणि त्यासोबत जे यायचे तेही आले. मग एखाद्या मुलाने पुरस्कारासाठी धडपडणे हेही निदानच काय? माझे मत असे की खेळाला तप समजण्याचीच आवश्यकता नाही. तो संसारातला उद्यम आहे, आणि उद्यमात फळाची अपेक्षा धरल्याबद्दल दुकानदाराने कुणाला नावे ठेवू नयेत. मात्र शल्य म्हणजे आत रुतलेला काटा, हे लक्षात ठेवावे. दोन धावांनी राहिलेली टोपी वर्षभर टोचत राहिली तर पुढचा डाव कसा खेळणार?

पुढचा डाव तसाही कठीणच होता. संघाने त्याला ६ कोटींना राखून ठेवले आणि २०२२ च्या हंगामात त्याचे पहिले तीन डाव होते ०, १ आणि १. संपूर्ण हंगामात ३६८ धावा झाल्या. नातवाने एकदा मला बेरीज करून दाखवली: सलग तीन हंगामांतले पहिले तीन-तीन डाव, एकूण नऊ डाव, धावा २७. कोणत्याही पेढीवर असा उमेदवार असता तर मुनीमजींनी त्याच्या बापाला पत्र धाडले असते. त्याला संघाबाहेर काढले नाही, यात त्याच्या फलंदाजीइतकेच श्रेय खेळवणाऱ्यांच्या संयमाला आहे. पुढे तो आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार झाला आणि २०२४ साली धोनीनंतर चेन्नईची गादीही त्याच्याकडे आली.

आपल्या जिल्ह्याच्या दोन मुलांना असला नवखेपणाचा मान कधी मिळाला नाही, आणि त्यांच्यावाचून हा विषय अपुरा राहील. श्रीरामपूरचा झहीर खान किशोरवयात क्रिकेटसाठी मुंबईला गेला, चेन्नईच्या एमआरएफ वेगवान गोलंदाजी केंद्रात तयार झाला, मुंबईत नव्हे तर बडोद्याकडून रणजी खेळला आणि २००० साली नैरोबीत भारताकडून उतरला. त्याची खरी उमेदवारी मला त्यानंतरची वाटते. संघातून वगळल्यावर २००६ साली तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळायला गेला. भारताकडून खेळलेला गोलंदाज परक्या मुलखात रोज सकाळी नव्याने चेंडू टाकत राहिला आणि त्या मोसमात ७८ बळी घेऊन परतला. २०११ च्या विश्वचषकातले त्याचे २१ बळी आणि कसोटीतले एकूण ३११ बळी सर्वांना ठाऊक आहेत. वूस्टरचा तो उन्हाळा फारसा कुणाला आठवत नाही.

दुसरा अजिंक्य रहाणे, संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा. वाढला डोंबिवलीत. २००८-०९ च्या रणजी हंगामात त्याने १०८९ धावा केल्या, तरी कसोटी पदार्पणासाठी मार्च २०१३ उजाडावा लागला. त्याआधी वर्षाहून अधिक काळ तो संघात होता आणि पाणी पोहोचवत होता. दिल्लीतल्या त्या पहिल्या कसोटीत त्याने ७ आणि १ धाव केली. त्याच अजिंक्यने, ॲडलेडला भारत ३६ धावांत गुंडाळला गेल्यानंतर, मेलबर्नला कर्णधार म्हणून ११२ धावा केल्या आणि ती मालिका २-१ अशी जिंकून आणली. आणि पुन्हा संघाबाहेर गेला. २०२३ साली चेन्नईने त्याला ५० लाखांच्या पायाभूत किमतीत घेतले तेव्हा लोक म्हणाले, जुना माल. त्या हंगामात त्याने वानखेडेवर मुंबईविरुद्ध २७ चेंडूंत ६१ केल्या, एकूण ३२६ धावा अशा वेगाने केल्या की त्याचे त्यालाच नवल वाटावे, आणि चेन्नईने अहमदाबादेत चषक जिंकला. पस्तिशीच्या उंबरठ्यावरचा आपल्या जिल्ह्याचा हा गृहस्थ आणि उमेदवारी संपवून आलेला ऋतुराज एकाच संघात फलंदाजी करत होते. यांपैकी नवखा कोण, हे ठरवायला कॅल्डर करंडकाचा नियमही पुरला नसता.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या बाजारात आयपीएल म्हटले की कित्येकांना खेळाडू आठवत नाही, भाव आठवतो. सप्तव्यसनांत जुगाराचे नाव पहिले आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. ज्या घरात क्रिकेट म्हणजे सट्टा, त्या घरातल्या मुलाने “मला क्रिकेट खेळायचे आहे” म्हटल्यावर बापाचा चेहरा पडतो, आणि बापाला दोष देववत नाही.

आमच्या घरातही तो चेहरा पडला. वही-पेन्सिल घेऊन बसणारा नातू पुढे पुण्याच्या एका क्लबात सलामीला खेळू लागला. गेल्या वर्षी एकोणीस वर्षांखालील निवड चाचणीत त्याचे नाव आले नाही. माझ्या मुलाने शांतपणे सांगितले, “बाबा, आता पुरे. याच्या एका बॅटीत दुकानातल्या पोराचा दोन महिन्यांचा पगार जातो. खोलीभाडे वेगळे, चौविहार सांभाळायचा तर डबा वेगळा. कॉलेज अर्धे. किती दिवस?” हिशेब खरा होता. नातू खाली मान घालून बसला होता. सुनेने फक्त इतकेच म्हटले, “त्याला विचारा तरी.”

विचारल्यावर तो म्हणाला, “दादाजी, पुरस्कार वगैरे मला नको. मला अजून दोन सीझन खेळून बघायचंय, मला खेळता येतं की नाही ते.”

मला हे उत्तर हिशेबी वाटले. पुरस्कार नको, हे त्याचे म्हणणे मी पूर्ण खरे धरले नाही. अठराव्या वर्षी कुणाला टोपी नको असते? पण त्याने मुदत मागितली होती, आणि मुदत मागणाऱ्याची पत मी आयुष्यभर पाहत आलो आहे. मी मुलाला म्हटले, आपल्या पेढीची रीत तीन दिवाळ्यांची आहे. याची एक झाली. उरलेल्या दोन दे. अट इतकीच की प्रत्येक खर्च, बॅटीच्या ग्रिपपासून बसच्या तिकिटापर्यंत, तो स्वतः रोजमेळात लिहील आणि प्रत्येक डाव, शून्य असला तरी, त्याच वहीच्या मागच्या पानावर. लक्ष्मीपूजनाला वही आम्ही तिघे मिळून पाहू. मुलगा काही वेळ बोलला नाही. मग त्याने कपाटातून नवी लाल वही काढून नातवासमोर ठेवली. तो पूर्ण पटलेला नाही, हे मला ठाऊक आहे. त्याने पटावे असा माझा आग्रहही नाही.

पावसाळ्यात मैदाने बंद असतात, त्यामुळे यंदा चातुर्मासात नातू नगरलाच आहे. सकाळी स्थानकात व्याख्यान, मग दुकान. ठाणांच्या घड्या अजून त्याला नीट जमत नाहीत. खतावणी मात्र सुवाच्य लिहितो. वहीच्या मागच्या पानावर सध्या चौदा डाव आहेत, त्यांत तीन शून्ये. कार्तिकी पौर्णिमा झाली की तो पुण्याला जाईल.